युद्धाचा कायदा आणि प्राध्यापक लीबर

अमेरिकेतील यादवी युद्ध ऐन भरात असताना, २४ एप्रिल १८६३ रोजी, वॉशिंग्टनच्या युद्धखात्याने आपल्या सेनेसाठी एक हुकूम प्रसृत केला. त्याचा क्रमांक होता १००. युद्धकाळात असे हुकूम रोजच निघत असतात. बदल्या, बढत्या, शिधा, रजा हे त्यांचे नेहमीचे विषय. या हुकुमात मात्र १५७ कलमे होती, आणि शत्रूशी, शत्रूच्या प्रजेशी, कैद्यांशी व जखमींशी सैनिकाने कसे वागावे याची शिस्तवार मांडणी त्यांत केलेली होती. एखाद्या सरकारने आपल्याच सैन्याला युद्धाचे नियम इतक्या सलगपणे लिहून देण्याचा आधुनिक काळातील हा पहिला मोठा प्रयत्न होय. राष्ट्राध्यक्ष लिंकनची त्याला मान्यता होती. मजकूर मात्र जवळजवळ सगळा एका प्राध्यापकाचा होता. फ्रान्सिस लीबर हे त्याचे नाव.

आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासकांना हे नाव परिचित आहे. हेग येथील परिषदा आणि जीनिव्हाचे करार यांची वंशावळ सांगताना लीबरच्या संहितेचा उल्लेख टाळता येत नाही. पण संहितेचा गौरव करताना दोन गोष्टी सहसा मागे पडतात. लीबरला युद्धाचा कायदा केवळ ग्रंथांतून समजला नव्हता. त्याची किंमत त्याने आयुष्यात अनेकदा मोजली होती. दुसरे असे की, ज्या कायद्याने त्याने सैनिकाचे हात बांधले, त्याच कायद्यात ते सोडवून घेण्याची एक वाटही त्याने ठेवली होती. या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याखेरीज लीबर समजत नाही, आणि युद्धाचा कायदा म्हणजे काय हेही नीट उमगत नाही.

रणांगण आणि तुरुंग

लीबरचा जन्म अठराव्या शतकाच्या अखेरीस बर्लिन येथे झाला. नेपोलियनच्या फौजांनी प्रशियाची राजधानी व्यापली, ते दिवस त्याच्या बालपणाचे होत. साहजिकच फ्रेंचांचा द्वेष आणि स्वदेशाचा अभिमान यांवर ती सारी पिढी पोसली गेली. १८१५ मध्ये एल्बा बेटावरून नेपोलियन परतला, तेव्हा विशीही न गाठलेला लीबर प्रशियन सेनेत दाखल झाला. लिनीच्या लढाईत तो होता. वॉटर्लूच्या निर्णायक दिवसानंतर, माघार घेणाऱ्या फ्रेंचांचा पाठलाग चालू असताना, नामूर येथे त्याच्या मानेत गोळी शिरली. मेलेला समजून त्याला जवळपास टाकूनच देण्यात आले. रणांगणावर पडलेल्या जखमींची काय गत होते, त्यांच्या अंगावरचे कपडे आणि किडूकमिडूक कसे लुटले जाते, हे त्याने त्या वेळी भोगले. पुढे अर्धशतकाने त्याने लिहिलेल्या संहितेत, कैद झालेल्या शत्रूच्या अंगावरील घड्याळ वा पैसा ही त्याची खाजगी मालमत्ता आहे व ती हिरावून घेणे सैनिकाला लांछनास्पद आहे, असे एक कलम आढळते. ते वाचताना नामूरची आठवण होणे अपरिहार्य आहे.

ज्या राजासाठी रक्त सांडले त्याच्या राज्यात या तरुणाला जागा मात्र राहिली नाही. नेपोलियनचा पाडाव होताच प्रशियाच्या सत्ताधाऱ्यांना आपल्याच देशभक्त तरुणांची भीती वाटू लागली. राज्यघटना मागणारे, व्यायामशाळांतून एकत्र येणारे विद्यार्थी त्यांना राजद्रोही भासू लागले. १८१९ मध्ये लीबरला अटक झाली. सुटका झाली तरी प्रशियाच्या विद्यापीठांची दारे त्याला बंदच राहिली. येना येथून त्याने कशीबशी डॉक्टरेट मिळवली. १८२२ च्या प्रारंभी ग्रीसच्या स्वातंत्र्ययुद्धात सामील होण्यासाठी तो निघाला. परंतु ज्या ग्रीकांचे चित्र पुस्तकांवरून मनात रंगवले होते, ते त्याला तेथे भेटले नाहीत. बेशिस्त टोळ्या, लूट आणि अनागोंदी पाहून काही महिन्यांतच तो निराश होऊन इटलीकडे वळला. ध्येय उदात्त असले म्हणून त्यासाठी लढणारी माणसे उदात्तपणे वागतीलच असे नाही, हा धडा त्याला येथे मिळाला.

रोममध्ये प्रशियाचा राजदूत असलेल्या नीबूर या थोर इतिहासकाराने त्याला आपल्या मुलाचा शिक्षक म्हणून घरी ठेवून घेतले. लीबरच्या आयुष्यातील हे बहुधा सर्वांत शांत वर्ष. तेथून मायदेशी परतल्यावर १८२४ मध्ये पुन्हा तुरुंग त्याच्या वाट्याला आला. नीबूरच्या रदबदलीने तो सुटला आणि १८२६ मध्ये इंग्लंडला पळाला. पुढच्याच वर्षी बोस्टन येथील व्यायामशाळा आणि जलतरणाची शाळा चालवण्याचे काम पत्करून त्याने अमेरिकेचा किनारा गाठला.

गुलामांच्या प्रदेशात अर्थशास्त्र

परक्या देशात, परक्या भाषेत पोट भरण्यासाठी लीबरने केलेले उद्योग पाहिले म्हणजे त्याच्या चिकाटीचे आश्चर्य वाटते. पोहण्याची शाळा फार दिवस चालली नाही. मग एका गाजलेल्या जर्मन ज्ञानकोशाच्या आधारे अमेरिकेसाठी ज्ञानकोश तयार करण्याचे काम त्याने अंगावर घेतले आणि १८२९ ते १८३३ या काळात त्याचे १३ खंड प्रसिद्ध केले. अमेरिकेतील तुरुंगांविषयी तोकव्हिल आणि बोमाँ या फ्रेंच लेखकांनी लिहिलेल्या अहवालाचे त्याने इंग्रजीत भाषांतर केले. याच सुमारास मॅटिल्डा ओपेनहायमर हिच्याशी त्याचा विवाह झाला. ऑस्कर, हॅमिल्टन आणि नॉर्मन असे तीन मुलगे त्यांना झाले.

स्थिर नोकरी मिळाली ती मात्र दक्षिणेत. १८३५ मध्ये साऊथ कॅरोलायना कॉलेजात इतिहास आणि राजकीय अर्थशास्त्र या विषयांचा प्राध्यापक म्हणून त्याची नेमणूक झाली, आणि २० वर्षांहून अधिक काळ तो तेथे राहिला. राजनीतिशास्त्रावरील त्याचे मोठे ग्रंथ याच काळातले आहेत. खुल्या व्यापाराचा तो पुरस्कर्ता होता. मालमत्ता आणि श्रम या विषयावर त्याने स्वतंत्र पुस्तक लिहिले. माणसाच्या श्रमाचे फळ त्याचे स्वतःचे असले पाहिजे, अशी शिकवण देणारा हा अध्यापक ज्या प्रांतात राहत होता, तेथील सारे अर्थकारण मात्र फुकटच्या श्रमावर उभे होते. समोर बसणारे विद्यार्थी मळेवाल्यांचे मुलगे होते. कॉलेज चालत होते ते मळेवाल्यांच्या मर्जीवर.

लीबरने या विसंगतीला जाहीरपणे हात घातला नाही. गुलामगिरी ही अन्याय्य आणि आर्थिक दृष्ट्याही तोट्याची आहे असे त्याचे खाजगी मत होते. उत्तरेतील मित्रांना लिहिलेल्या पत्रांतून ते स्पष्ट होते. पण वर्गात आणि गावात त्याने मौन पाळले. एवढेच नव्हे, तर घरकामासाठी त्याने स्वतः गुलाम विकत घेतले. चार्ल्स समनर हा गुलामगिरीचा कडवा विरोधक त्याचा जिवलग मित्र; त्या मैत्रीत या प्रश्नावरून पुढे कित्येक वर्षांचा दुरावा आला. इतके करूनही दक्षिणेने लीबरला आपला मानले नाही. कॉलेजचे अध्यक्षपद रिकामे झाले तेव्हा त्याला डावलण्यात आले. त्याने राजीनामा दिला आणि १८५७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात तो रुजू झाला. पोटासाठी तत्त्वाला मुरड घालणारा विद्वान ही काही दुर्मिळ गोष्ट नव्हे. पण लीबरचे मोठेपण सांगताना हा भाग गाळणे अप्रामाणिकपणाचे होईल.

एक बाप, दोन सेना

एप्रिल १८६१ मध्ये यादवी युद्धाला तोंड फुटले आणि ते लीबरच्या घरातून आरपार गेले. भूगर्भशास्त्रज्ञ झालेला थोरला मुलगा ऑस्कर दक्षिणेत वाढला होता, दक्षिणेचाच झाला होता. तो बंडखोर राज्यांच्या सेनेत गेला. हॅमिल्टन आणि नॉर्मन यांनी संघराज्याचा गणवेश चढवला.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून लीबरने कोलंबियाच्या विधी विद्यालयात युद्धाचे कायदे आणि प्रघात या विषयावर व्याख्यानमाला सुरू केली. विषय तेव्हा केवळ विद्यार्थ्यांच्या परीक्षेचा राहिलेला नव्हता. युद्धापूर्वी अमेरिकेची कायम फौज सुमारे १६ हजारांची होती. आता लाखो स्वयंसेवक भरती होत होते आणि त्यांचे अधिकारी म्हणून वकील, दुकानदार, शाळामास्तर, कारकून अशी माणसे नेमली जात होती. या माणसांना कवायत शिकवता येत होती. पण शत्रूच्या प्रदेशातील शेतकऱ्याचे धान्य घ्यावे की नाही, झाडीतून गोळी घालणाऱ्या बिनगणवेशाच्या माणसाला कैदी मानावे की खुनी, आश्रयाला आलेला गुलाम मालकाला परत करावा की काय, हे त्यांना कोण सांगणार? युद्धाचे नियम होते. परंतु ते लॅटिन, फ्रेंच ग्रंथांत आणि जुन्या सेनानींच्या सवयींत विखुरलेले होते.

व्याख्यानमाला १८६२ च्या फेब्रुवारीत संपत आली तोच फोर्ट डोनेल्सनच्या लढाईत हॅमिल्टन जबर जखमी झाल्याची बातमी आली. वृद्धत्वाकडे झुकलेला बाप पश्चिमेकडील इस्पितळांतून मुलाचा शोध घेत फिरला. मुलगा सापडला, त्याचा एक हात कापावा लागला होता. याच प्रवासाच्या निमित्ताने पश्चिम विभागाचा सेनापती जनरल हॅलेक याच्याशी लीबरचा निकटचा संबंध आला. हॅलेक स्वतः वकील होता आणि आंतरराष्ट्रीय कायद्यावर त्याने ग्रंथ लिहिला होता. त्यानंतर थोड्याच महिन्यांत, विल्यम्सबर्गच्या लढाईत झालेल्या जखमांनी ऑस्कर रिचमंड येथे मरण पावला. तो शत्रूच्या सेनेतला सैनिक म्हणून गेला. बापाला त्याची अखेरची भेटही झाली नाही.

उन्हाळ्यात हॅलेक सर्व संघसेनांचा प्रमुख झाला. मिसूरीसारख्या सरहद्दीच्या राज्यांत गनिमी टोळ्यांनी उच्छाद मांडला होता. त्यांना कोणता कायदा लावावा हे हॅलेकने लीबरला विचारले. त्यावर लीबरने लिहिलेला निबंध सरकारने छापून अधिकाऱ्यांत वाटला. पाठोपाठ साऱ्याच युद्धाचे नियम संहितेच्या रूपाने मांडण्याची सूचना त्याने केली. डिसेंबर १८६२ मध्ये जनरल हिचकॉकच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. समितीत चार जनरल आणि पाचवा लीबर होता. संहितेचा बहुतेक सर्व मसुदा या एकट्या बिगरलष्करी सभासदाने तयार केला.

संहितेतील दोन प्रवाह

या संहितेची भाषा कायद्याच्या पुस्तकाची नाही. प्रत्येक नियमामागचे कारण थोडक्यात सांगून मग नियम द्यावा, अशी तिची रीत आहे. वर्गात शिकवण्याची सवय असलेल्या माणसाचा हात तीत पदोपदी दिसतो. निःशस्त्र नागरिक हा शत्रुराष्ट्राचा घटक असला तरी त्याचा जीव, त्याचे घर आणि त्याची अब्रू शक्य तितकी सुरक्षित ठेवली पाहिजे. कबुली मिळवण्यासाठी छळ करता येणार नाही. विषप्रयोग सर्वथा निषिद्ध आहे. हतबल झालेल्या शत्रूवर मुद्दाम वार करणाऱ्याला देहदंड व्हावा. बलात्कार, लूट आणि खून यांना क्षमा नाही. कैदी हा गुन्हेगार नसून केवळ शत्रू आहे, म्हणून त्याला शिक्षा म्हणून यातना देता येणार नाहीत. ग्रंथालये, कलाकृती, शास्त्रीय उपकरणे आणि इस्पितळे यांना संरक्षण द्यावे. हा संहितेतील एक प्रवाह होय.

दुसरा प्रवाह याच्या उलट दिशेने वाहतो. लष्करी निकड असेल तर युद्धाच्या कायद्याने संमत असे जवळजवळ सर्व उपाय सेनापतीला मोकळे आहेत. शत्रूची उपासमार करता येते, मग तो सशस्त्र असो वा निःशस्त्र. वेढ्यातून बाहेर पडू पाहणाऱ्या नागरिकांना पुन्हा आत ढकलून शरणागती लवकर घडवता येते. सेनापती स्वतःच प्राणसंकटात असेल तर शत्रूला जीवदान न देण्याचा हुकूमही तो देऊ शकतो. यामागे लीबरचा एक हिशेब होता. युद्ध जितके तीव्र तितके ते अल्पकालीन, आणि जितके अल्पकालीन तितकी मानवतेची हानी कमी, असे तो मानीत असे. हिशेब वरकरणी बिनचूक वाटतो. पण त्यात एक अडचण आहे. तीव्रतेचा खर्च आज आणि निश्चितपणे करावा लागतो, युद्ध लवकर संपण्याचा लाभ मात्र उद्याचा आणि अनिश्चित असतो. शिवाय हा ताळेबंद मांडणारा सेनापती ज्याच्या खात्यातून खर्च करतो, त्या गावकऱ्याला मत विचारलेले नसते.

दक्षिणेचा युद्धमंत्री सेडन याने नेमक्या याच जागी बोट ठेवले. निकडीच्या नावाखाली सेनापतीला हवे ते करता येईल आणि मग उरलेल्या नियमांना अर्थ राहणार नाही, असा त्याचा आक्षेप होता. आक्षेप घेणाऱ्याचे हात स्वच्छ नव्हते हे खरे, तरी आक्षेप चुकीचा होता असे म्हणता येत नाही.

तथापि एका बाबतीत या संहितेने कोणतीही पळवाट ठेवली नाही. १ जानेवारी १८६३ रोजी लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा अमलात आला होता आणि कृष्णवर्णीय सैनिक संघसेनेत भरती होऊ लागले होते. अखेरीस त्यांची संख्या १ लाख ८० हजारांच्या घरात गेली. हे सैनिक पकडले गेल्यास त्यांना कैदी मानणार नाही, अशी दक्षिणेची भूमिका होती. लीबरच्या संहितेने बजावले की युद्धाचा कायदा वर्ण ओळखत नाही. पकडलेल्या सैनिकाला शत्रूने गुलाम केले तर त्याचा बदला म्हणून कोणाला गुलाम करता येत नाही, तेव्हा त्या अपराधाला मृत्यू हीच शिक्षा राहील. संघसेनेच्या आश्रयाला आलेला गुलाम त्या क्षणापासून स्वतंत्र होईल, हेही तिने सांगून टाकले. गुलामगिरी ही निसर्गनियमाला मान्य नसून केवळ स्थानिक कायद्याची निर्मिती आहे, अशी त्यामागील मीमांसा होती. ज्याने कॅरोलायनात गुलाम विकत घेतले आणि २० वर्षे तोंड मिटून ठेवले, त्याच्याच लेखणीतून ही कलमे उतरली. पापक्षालन हा शब्द येथे वापरावा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. एवढे खरे की वर्गात जे बोलण्याचे धैर्य झाले नाही, ते आता लाखो सैनिकांवर बंधनकारक असा हुकूम होऊन बाहेर पडले.

कसोटी

तत्त्वाची किंमत द्यावी लागते, आणि ती अनेकदा तत्त्व सांगणाऱ्याला द्यावी लागत नाही. कृष्णवर्णीय सैनिकांना दक्षिण कैदी मानीना, म्हणून उत्तरेने कैद्यांची अदलाबदल थांबवली. याला इतर कारणेही होती, पण हे एक प्रमुख कारण होते. परिणामी दोन्हीकडचे बंदिवास तुडुंब भरले. जॉर्जियातील अँडर्सनव्हिल येथे १८६४ च्या फेब्रुवारीत उघडलेल्या छावणीत सुमारे ४५ हजार संघसैनिक येऊन गेले. त्यांपैकी जवळजवळ १३ हजार उपासमारीने आणि रोगराईने मेले. उत्तरेतही स्थिती फारशी अभिमानास्पद नव्हती. न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा येथे सुमारे १२ हजार कैद्यांपैकी ३ हजारांच्या आसपास दगावले.

अँडर्सनव्हिलच्या वार्ता उत्तरेत पोहोचताच लोक खवळले. दक्षिणेच्या कैद्यांनाही तसेच उपाशी ठेवावे, असा ठराव जानेवारी १८६५ मध्ये सीनेटपुढे आला. लीबरच्या संहितेनुसार ही मागणी सरळसरळ फेटाळता येण्यासारखी नव्हती. कैद्यांवरही प्रतिशोधाचे उपाय योजता येतात, असे त्याच्याच एका कलमात म्हटलेले होते. पण आता जुनी मैत्री सांधलेल्या समनरने सीनेटमध्ये लीबरचे पत्र सादर केले, आणि त्यात लीबरने या ठरावाला निःसंदिग्ध विरोध केला होता. शत्रूने केलेली क्रूरता आपण तशीच गिरवणे हा कायदा नव्हे, अशी त्याची भूमिका होती. लीबरच्या सार्वजनिक जीवनातील हा कदाचित सर्वांत महत्त्वाचा प्रसंग. स्वतःच्या लेखी शब्दाने दिलेली मुभा वापरायची वेळ आली, तेव्हा तिच्या विरोधात तो उभा राहिला. एक मुलगा हात गमावून परत आला होता, दुसरा शत्रूच्या गणवेशात मेला होता. सूडाची भाषा त्याच्या तोंडी आली असती तर कोणाला नवल वाटले नसते.

युद्ध संपल्यावर अँडर्सनव्हिलचा अधिकारी कॅप्टन विर्झ याच्यावर युद्धाचे कायदे आणि प्रघात मोडल्याबद्दल लष्करी आयोगापुढे खटला चालला आणि १० नोव्हेंबर १८६५ रोजी त्याला फाशी देण्यात आले. एल्मायराबद्दल असा खटला कोणावरही झाला नाही. जॉर्जिया आणि कॅरोलायना उजाड करीत गेलेल्या शर्मनच्या मोहिमेबद्दलही कोणाला जाब विचारण्यात आला नाही. तिचे समर्थन करण्यास संहितेतील निकडीचे तत्त्व पुरेसे होते. विजेत्याचा कायदा पराभूतालाच लागू होतो, ही युद्धकायद्याची व्यथा त्याच्या जन्मापासून त्याला चिकटलेली आहे.

संहितेचा प्रवास

लीबर २ ऑक्टोबर १८७२ रोजी न्यूयॉर्कमध्ये मरण पावला. अखेरच्या वर्षांत बंडखोर सरकारचे दप्तर लावण्याचे काम आणि मेक्सिकोबरोबरच्या दाव्यांतील पंचाचे काम त्याने केले. संहिता मात्र त्याच्या हयातीतच अटलांटिकपार गेली होती. ब्लुंट्श्ली या स्विस कायदेपंडिताने तिच्या आधारे आपला आंतरराष्ट्रीय कायद्याचा ग्रंथ १८६८ मध्ये सिद्ध केला. १८७४ चा ब्रुसेल्सचा मसुदा, १८८० चे ऑक्सफर्डचे नियम आणि शेवटी १८९९ व १९०७ चे हेगचे करार या साऱ्यांवर तिचा ठसा आहे. घरातही हा वारसा चालू राहिला. धाकटा मुलगा नॉर्मन सेनेच्या विधी विभागात शिरला. वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात त्याने कायदा शिकवला आणि १८९५ मध्ये तो अमेरिकन सेनेचा जज ॲडव्होकेट जनरल, म्हणजे मुख्य विधी अधिकारी झाला. बापाने कॉलेजातील विद्यार्थ्यांपुढे जे मांडले, ते मुलाने भावी सेनाधिकाऱ्यांपुढे नेले.

पण याच काळात संहितेतील ती फट पुन्हा उघडी पडली. १८९९ पासून फिलिपाइन्समध्ये अमेरिकन सेना तेथील स्वातंत्र्यवाद्यांशी लढत होती. गनिमांविरुद्धच्या कडक उपायांसाठी अधिकारी हुकूम क्रमांक १०० चाच आधार घेत होते. बाटांगास प्रांतातील खेडुतांना ठरावीक छावण्यांत कोंडून बाहेरचे धान्य नष्ट करणाऱ्या जनरल बेलने आपल्या हुकुमांत याच संहितेची कलमे नमूद केली होती. कैद्याच्या घशात पाणी ओतून माहिती काढण्याचा प्रकारही सर्रास चालू झाला. त्यासाठी १९०२ मध्ये कॅप्टन ग्लेन याच्यावर कोर्टमार्शल झाले. लष्करी निकड हा त्याचा बचाव होता. तो मान्य झाला नाही, कारण निकडीतही छळाला परवानगी नाही असे त्याच संहितेत स्वच्छ लिहिले होते. तो दोषी ठरला. शिक्षा झाली ती एक महिन्याचे निलंबन आणि ५० डॉलर दंड.

या खटल्यात लीबरच्या कार्याचे यश आणि अपयश दोन्ही सामावले आहेत. शिक्षा हास्यास्पद होती. परंतु लेखी नियमच नसता, तर आरोपपत्र कशाच्या आधारे ठेवले असते? नियम मोडला गेला एवढ्यावरून तो व्यर्थ ठरत नाही. दिवाणी आणि फौजदारी कायदेही रोज मोडले जातात. लिहिलेला नियम सामान्य सैनिकाला वरिष्ठाचा हुकूम नाकारण्यासाठी एक आधार देतो, आणि कृत्य घडून गेल्यावर त्याला नाव देण्याची सोय करतो. सेनापतीची इच्छा आणि कायदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मान्य होण्यासाठी आधी कायदा कागदावर यावा लागतो. ते काम लीबरने केले.

त्याच्यानंतरच्या पिढ्यांनी त्याची फट थोडीथोडी बुजवली. नागरिकांची उपासमार हे युद्धाचे साधन मानू नये, असे १९७७ च्या जीनिव्हा पुरवणी कराराने सांगितले. कैद्यांवर प्रतिशोध घेण्यास १९२९ च्या आणि नंतर १९४९ च्या करारांनी बंदी घातली. १९४९ चे करार भारतानेही स्वीकारले आणि त्यांच्या अंमलबजावणीसाठी आपल्या संसदेने १९६० मध्ये स्वतंत्र कायदा केला. १९७१ च्या युद्धानंतर सुमारे ९३ हजार पाकिस्तानी कैदी भारताच्या ताब्यात होते, तेव्हा त्यांच्या देखभालीचा पाया हेच करार होते. जे लीबरने १८६५ मध्ये केवळ स्वतःच्या विवेकाने नाकारले, ते आता कायद्यानेच नाकारलेले आहे.

अर्थात निकड हा शब्द अजून जिवंत आहे. प्रत्येक युद्धात तो नव्या वेषात उभा राहतो, आणि तो उच्चारणारा बहुधा बंदूक हाती असलेलाच असतो. म्हणूनच युद्धाचा कायदा केवळ सेनाधिकाऱ्यांच्या अभ्यासक्रमात राहून भागत नाही. लीबरने तो शिकवला तेव्हा त्याच्या देशाची सेना शाळामास्तरांनी आणि कारकुनांनी भरलेली होती, हे विसरता कामा नये. ज्यांच्या नावाने युद्धे लढली जातात त्या सामान्य नागरिकांनाच कायदा ठाऊक नसेल, तर निकडीचा दावा खरा की खोटा हे विचारणार कोण?